पानं तपकिरी झाली की आधी बोर्डो कशाला?

राजेंद्रनगरवाली
आमच्या अंगणातल्या दशहरीची पूर्वेकडची पानं बघता बघता तपकिरी झाली. पश्चिमेकडे झाड हिरवंगार आहे. पानं गळालेली नाहीत, फांदीलाच लटकली आहेत. तपकिरी रंग कडेपासून आत सरकतोय, मधल्या शिरेजवळ अजून हिरवं दिसतं. ठिपके नाहीत, जाळी नाही. खोडावर भोक, भुसा किंवा वाळवीची मातीही दिसली नाही.

ज्याला दाखवावं तो एकच सांगतो, "बोर्डो मारा," म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक फवारा. मला हे पटत नाही. करपा असता तर आधी कोवळ्या पानांवर काळपट डाग पडले असते आणि मग तिथे भोकं पडली असती. इथे जुनी पानं आधी गेलीत आणि तीही एकाच बाजूची. बुरशी हवेतून येते, तिला पूर्व-पश्चिम कशी कळणार? माझं मत असं की कारण कळेपर्यंत फवारणीला हात लावू नये. वेगळं मत असेल तर मांडा, पण कारणासकट.

मोरचूद-चुना
ताई, कारण शोधता शोधता झाड जाईल. यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नाही, हवा दमट आहे, आणि अशा हवेत करपा आणि शेंडेमर दोन्ही वाढतात. शेंडेमर एकाच फांदीपासूनही सुरू होते, म्हणजे तुमचा पूर्व-पश्चिमेचा मुद्दा तिथेच संपला. बोर्डो झालेला रोग बरा करत नाही, कबूल. उरलेली पानं मात्र वाचवतो. दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. बादली लोखंडाची नको. लोखंडी चाकू बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. खर्च किती, तर चहा-पोह्यांइतका.

गच्चीवरची
काकू, नवी पालवी तर नाही ना ही? आंब्याची कोवळी पानं तांबूसच असतात.

राजेंद्रनगरवाली
@गच्चीवरची, अगं, पालवी मऊ असते आणि खाली झुकते. ही पानं मुठीत धरली की पापडासारखी मोडतात.
@मोरचूद-चुना, शेंडेमर असेल तर फांदी टोकाकडून वाळत येते. मी नखाने साल खरवडली, टोकापर्यंत आत हिरवी आहे. फांदी जिवंत आहे, पानंच जळलीत.

काळी माती
साल हिरवी असेल तर भांडण वरचं नाही, खालचं आहे. माळव्यातली आपली माती भिजली की फुगते, तिच्यातली हवेची जागा संपते. मुळांना श्वास मिळाला नाही की ती पाणी ओढत नाहीत, मग आळं तुडुंब असूनही पानं वाळतात. त्या बाजूला वीतभर खणा. निरोगी बारीक मूळ फिकट आणि ताठ असतं. कुजलेल्याची साल बोटात सुटून येते, वासही येतो.

आपल्या इंदुरात हे नव्यानं सांगायला लागावं याची गंमत वाटते. 1924 साली इंदूरला शेतीची संशोधन संस्था काढणाऱ्या अल्बर्ट हॉवर्डनी त्याआधी बिहारमध्ये पुशाला हेच केलं होतं. फळझाडं का खंगतात हे बघायला त्यांनी मुळं उघडी केली. त्यांचं कंपोस्ट जगभर गेलं ते इंदूरच्या नावानं, आणि आपण अजून पानांवर औषध उडवतोय.

मोरचूद-चुना
हॉवर्डसाहेबांकडे खणायला मजूर होते, भिया. आणि भर पावसाळ्यात मुळं उघडी करून जखमा केल्यात तर खालून बुरशी शिरेल, तेव्हा बोर्डो पेस्ट लावायला मलाच विचाराल.

राजेंद्रनगरवाली
खुरप्यानं हलकेच खणलं. बारीक मुळं काळवंडली आहेत, पण साल सुटत नाही आणि कुजका वासही नाही. माती ओली आहे, चिखल नाही.

निवृत्त ओव्हरसिअर
रोग, बुरशी सगळं बाजूला ठेवा. त्या बाजूने कुठला पाईप जातो?

राजेंद्रनगरवाली
पूर्वेच्या भिंतीलगत नाली आहे. तिच्यात आरओचं पाणी येतं आणि या उन्हाळ्यात बोअरवर बसवलेल्या सॉफ्टनरचंही. प्लंबरने दोन्ही तिकडेच सोडलंय. आणि नालीला आंब्याजवळ तडा आहे.

गच्चीवरची
आरओचं वाया जाणारं पाणी मी कित्येक वर्षं झाडांना घालते. काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

निवृत्त ओव्हरसिअर
कुठलं पाणी आत जातं त्यावर आहे. मशीन अर्धं पाणी बाहेर टाकत असेल तर त्यात क्षार जवळपास दुप्पट होतात. नर्मदेच्या नळाचं पाणी मुळात सौम्य, त्याचं दुप्पट झाडाला सोसतं. बोअरच्या 800 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) दुप्पट म्हणजे 1600, आणि आंबा क्षाराच्या बाबतीत नाजूक.

पण अचानक जळण्याचा संशय मला सॉफ्टनरवर आहे. त्यातलं रेझिन पाण्यातला चुना धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुतात. ते धुवण म्हणजे निव्वळ खारं पाणी, तेच तड्यातून मुळाशी जातंय. क्षार पानाच्या टोकाला आणि कडेला साठतो, म्हणून जळणं कडेपासून आत आणि जुन्या पानांत आधी. एका बाजूचं मूळ मुख्यतः त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पोचवतं. पूर्व-पश्चिमेचं उत्तर तिथे आहे.

मोरचूद-चुना
मग एवढ्या पावसात मीठ धुवून कसं गेलं नाही?

काळी माती
कारण ही माती पाणी खाली सोडत नाही. सोडियमने ती आणखी चिकट होते. आता कोणी "भरपूर पाणी ओतून मीठ धुवा" म्हणेल, तर ऐकू नका. निचरा नसताना पाणी ओतलं की मिठाने अर्धमेली मुळं गुदमरतील. आधी उताराकडे चर काढा, त्या बाजूला जिप्सम मिसळा. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीपासून सोडवतं. मग थोडं थोडं नर्मदेचं पाणी.

निवृत्त ओव्हरसिअर
जिप्सम सोडियमला हलवेल, पण मिठातल्या क्लोराइडला पाण्याशिवाय इलाज नाही. कडा जाळण्यात त्याचाही हात असतो. चर काढल्यावर मी तरी एकदा सढळ हाताने पाणी देईन.

काळी माती
तुमचं अंगण मुरमावर असेल. राजेंद्रनगरात मी खणलंय, तिथे मी देणार नाही.

मोरचूद-चुना
दोघंही ठरवा. तोवर फांद्या छाटायच्या का?

राजेंद्रनगरवाली
नाही. साल हिरवी आहे तोवर कात्री लावणार नाही. पुढची पालवी कुठून फुटते ते दिसलं की मेलेलं तेवढंच काढीन. पाईप आज गटाराकडे वळवून घेतला, तडा उद्या भरणार, चर रविवारी. जिप्सम छावणीत मिळेल की मंडीकडे जावं लागेल?