कडी लावलेला रुपया: नाणं की मोड?

शहापूरकर
गेल्या रविवारी आजीचा रुपया कोल्हापुरात एका नाणीवाल्याला दाखवला. 1907 चा, एडवर्डचा, तोच तो बिनमुकुटाचा टकल्या राजा. वर कडी झाळलेली. गड्याने भिंगसुद्धा उचललं नाही. तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हे नाणं नव्हे, मोड आहे. चांदीच्या भावात देऊन टाका."

राग आला, खोटं कशाला बोलू. आजी शहापूरची. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. भाजी आणायला गेलं तरी राज्य बदलायचं, रुपया मात्र दोन्हीकडे हाच. हा रुपया तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होता. राजाचं नाक, कान, दाढी सगळं सपाट झालंय आणि मागचं 'वन रुपी' व फारसी अक्षरं बऱ्यापैकी शाबूत आहेत. म्हणजे राजा कायम अंगाकडे असायचा आणि किंमत लोकांकडे. हे मला परवा, चाळिशी लावून बघताना कळलं.

माझं म्हणणं एवढंच, की नाण्याची ओढ लागते ती असल्या खुणांमुळे. टांकसाळीतून निघून थेट डबीत गेलेल्या कोऱ्या नाण्याला सांगण्यासारखं काय असतं? पटत नसेल त्यांनी भांडावं.

निपाणी वखारवाला
भांडतो की. नाणीवाला बोलला वाईट, पण बोलला बरोबर.

कडी झाळताना सोनार ताव देतो. त्या तावाने नाण्याचा मूळ पोत जातो, कड कानशीने घासली जाते, वर परत पॉलिश मारलं की संपलंच. नाणं जमवणारा माणूस ठसा बघतो. टांकसाळीच्या कारागिराने पोलादात काय कोरलं होतं, ते जितकं शाबूत तितकी मजा. तुमच्या रुपयावर खालच्या फुलात बारीक 'बी' दाबलेला आहे का बघा. असेल तर मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. बघितलंत? नसणार. तुम्ही नाण्यात आजी बघताय, नाणं नाही.

माझं सगळ्यात लाडकं नाणं 1911 चा 'डुकराचा रुपया'. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड कोरलेली की तो डुकरासारखा दिसतो. मुसलमान समाजाने हरकत घेतली आणि सरकारने रुपये परत गोळा करून वितळवले. पाडले होते सुमारे 94 लाख, लोकांच्या हातात गेले ते जेमतेम 7 लाख. 1912 च्या रुपयावर हत्ती सुधारलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवा, भिंग धरा आणि फक्त सोंड बघा. ज्याला यात गंमत वाटत नाही त्याने खुशाल माळा कराव्यात.

टिळकवाडीची काकू
वखारवाले भाऊ, एक शंका. 1943 ते 1947 चा भोकाचा पैसा तुमच्या संग्रहात असेलच ना? लढाईत तांबं वाचवायला सरकारने मधोमध भोक पाडलं. आमच्या गल्लीत तो पोरांच्या करगोट्यात ओवायचे. सरकारने भोक पाडलं तर नाणं आणि सोनाराने कडी लावली तर मोड, हा कुठला न्याय?

निपाणी वखारवाला
काकू, ते भोक टांकसाळीत पडलंय, ठशाचाच भाग आहे. उद्या मी तुमच्या पैठणीला कात्रीने खिडकी पाडली आणि म्हटलं की जाळीच्या साड्या पण असतात, तर चालेल का?

टिळकवाडीची काकू
पैठणी फाटली तर आम्ही तिची कुंची शिवतो बाळाला. तुम्ही काय करता, काचेत ठेवता?

खानापूर ७०
काय ओ, एडवर्डचे रुपये पोत्यानं आहेत जगात. त्याच्यासाठी एवढं भांडण? शिवराईवर बोला की, महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर.

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. एवढीच अक्षरं, पण दोन शिवराया एकसारख्या सापडणार नाहीत. कुणी 'शिव' लिहिलंय, कुणी 'सिव'. कुठे 'छत्र' आणि 'पति' दोन ओळींत, कुठे मधे दोन दांड्या टाकलेली दुदांडी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं नाण्याच्या बाहेरच राहिली. महाराजांच्या मागे कित्येक वर्षं, पार एकोणिसाव्या शतकातसुद्धा शिवराई पडत होती, म्हणून हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली समजू नका. बाजारात परवा ओतलेल्या पण भरपूर आहेत. कडेला बारीक शिवण दिसली किंवा अक्षरं साबणासारखी गुळगुळीत वाटली की परत ठेवा.

आमच्या मामाला नांगरताना एक मिळालेली. मामीने देवाची भांडी घासताना तीही चिंच-मिठात घातली. लखलखीत निघाली. 'छत्र' राहिलं आणि 'पति' गेलं. तो हिरवट काळा थर तीनशे वर्षांचा होता, पाच मिनिटांत मोरीत. तेव्हापासून मी कडीवाल्यांना माफ करतो, चिंचवाल्यांना नाही.

जाता जाता. जमिनीत पुरलेला 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं, कायदा 1878 चा आहे आणि अजून चालू आहे. मामाला हे माहीत नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं.

गोकाकचा अण्णा
माझी मातृभाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मला वखारवाल्यांचं अर्धं पटतं आणि शहापूरकरांचंही अर्धं. मला ओढ आहे ती नाण्यावरच्या अक्षरांची. गोव्याच्या कदंब राजांचं सोन्याचं नाणं मी एकदा संग्रहालयात काचेबाहेरून बघितलं. एका बाजूला सिंह, दुसरीकडे नागरीत 'श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद' असं सुरू होणारा मजकूर. याच कदंबांची खूण म्हणून खानापूर तालुक्यात हलशीचं देऊळ उभं आहे. आणि त्याच सप्तकोटीश्वराच्या गोव्यातल्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. महाराजांनी सोन्याचं नाणं पाडलं त्याला म्हणायचं होन, आणि होन म्हणजे आमचं 'होन्नु', सोनं. आता सांगा, हे नाणं कुणाच्या बाजूचं? (सीमाप्रश्न इथे काढू नका, चहाच्या टपरीवर रोज काढतोच आपण.)

पण काचेतलं नाणं बघून आलो आणि विसरलो. जीव अडकला तो एका आण्यात. 1906 पासूनचा तो नागमोडी कडेचा गिलटाचा आणा. त्यावर नागरीत 'एक आना', शिवाय बंगाली, फारसी आणि आणखी एक लिपी. शाळेत असताना मी पैज लावली की ती कन्नड आहे. शेजारचा मराठी दोस्त म्हणाला, नाही. मास्तरांकडे गेलो. ते तेलुगू निघालं, 'ओक अणा'. मी हरलो, दोस्तही हरला, कारण तो म्हणत होता तमिळ. तो आणा अजून माझ्याकडे आहे. भाव विचाराल तर एका वेळच्या चहा-भजीचा.

भाव सांगा
एवढं वाचून कंटाळलो. शेवटी किती मिळतात ते बोला ना. माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, फोनवर एकाने दहा लाख सांगितले.

निपाणी वखारवाला
आणि आधी 'नोंदणी फी' भरा म्हणाला असेल? ती नाणी आजही सुट्ट्यात मिळतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिलाय, आमच्या नावाने जुन्या नाणी-नोटांसाठी कुणी फी किंवा कर मागितला तर बळी पडू नका म्हणून. फोन ठेवा आणि त्या पाच रुपयांचा चहा प्या.

शहापूरकर, तुम्हाला चिडवायला नव्हतो बोललो. पण एक सांगा, तोच रुपया कडी लावलेला, अनोळखी बाईचा, रद्दीवाल्याकडे दिसला असता तर घेतला असता का? नसता ना? मग तुम्ही आजीची आठवण जपताय. ते चांगलंच आहे, पण त्याला नाणी जमवणं म्हणू नका.

शहापूरकर
या प्रश्नावर दोन दिवस गप्प होतो. खरं सांगायचं तर पूर्वी घेतला नसता. आता घेईन. राजा आत की बाहेर, ते बघण्यासाठी. त्या बाईला कुठली बाजू मिरवायची होती तेवढं तर कळेल. तुमच्या कोऱ्या रुपयावरून टांकसाळ कळते, माझ्यावरून गिऱ्हाईक.

आणि फुलात 'बी' आहे. मुंबईचा. बघितला मी, तुमच्यामुळे.

निपाणी वखारवाला
बरं. वजन केलंत का? पुरा रुपया 11.66 ग्रॅम, बरोबर तोळा. म्हणून तर जुने सोनार रुपयाभार म्हणायचे.

शहापूरकर
केलं. खडेबाजारात ओळखीच्या सोनाराकडे, कडीसकट 11.42. कडी धरूनही तोळा भरत नाही. सोनार म्हणाला कडी काढून कड सारखी करून देतो, कुणाला कळणार नाही.

टिळकवाडीची काकू
दिलीत की काय काढायला?

शहापूरकर
मी विचारच करत होतो. घरी येऊन देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर आईने नवीन काळा दोरा आणून ओवलाय आणि गळ्यात घालून बसलीय. राजा आतच आहे. आता माझ्या हातात काही नाही.