तुमचा गट कोणत्या पानाशी थांबला? : एक लांबलचक साहसकथा मिळून वाचताना

अंबाजोगाई, निमंत्रण

आमच्या वाचनगटाने एका आषाढात जूल्स व्हर्नची ‘द मिस्टेरियस आयलंड’ हाती घेतली आणि ती संपेपर्यंत फाल्गुन उजाडला. ही कादंबरी 1874-75 मध्ये फ्रेंच नियतकालिकातून क्रमशः आली. तिचे तीन भाग आणि 62 अध्याय आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धात रिचमंड शहरात अडकलेले पाच जण आणि त्यांच्यामागोमाग एक कुत्रा मार्च 1865 मध्ये बलूनमधून निसटतात, वादळात भरकटतात आणि पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर येऊन आदळतात. खिशातल्या चार वस्तूंपलीकडे त्यांच्याजवळ काही नसते. तेथून पुढे त्यांनी जे जे उभे केले, त्याची ही कथा आहे.

मोठा ग्रंथ मिळून वाचणे मराठवाड्याला नवे नाही. श्रावणात ज्या घरी पांडवप्रताप लागतो, तेथे 64 अध्याय रोज थोडे थोडे करत पार पडतात. वाचणारा एक असतो, अर्थ सांगणारा दुसरा असतो आणि हुंकार द्यायला सगळी आळी असते. आम्ही तीच पद्धत उचलली. एक जण मोठ्याने वाची, दुसरा समजावून सांगे आणि कोणीही मध्येच थांबवू शके. मला उत्सुकता आहे ती या थांबण्याचीच. कथानक सांगू नये, पुस्तक आवडले की नाही हेही सांगू नये. आपला गट कोणत्या ओळीशी अडला आणि का, एवढेच लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.


परभणी, शाळेत विज्ञान शिकवते

आम्ही विस्तवापाशी थांबलो. बेटावर काड्या संपलेल्या असतात, तेव्हा अभियंता सायरस स्मिथ दोन घड्याळांच्या काचा काढतो, त्यांच्यात पाणी भरतो, कडा चिकणमातीने बंद करतो आणि त्या भिंगातून ऊन एकवटून सुके शेवाळ पेटवतो. आठवीच्या मुलांनी विचारले की हे खरेच जमते का, आणि त्यानंतर पुढचा अध्याय वाचणे शक्यच नव्हते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या दोन फुगीर काचा दिल्या. पहिल्या दिवशी पाणी गळून गेले, कारण मुलांनी शाळेमागची काळी माती वापरली होती आणि ती वाळताच तिला भेगा पडल्या. काळ्या मातीचा हा गुण शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असायला हवा होता, असे मी म्हणाले, तेव्हा सगळे खजील झाले. दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्यातून मळलेली माती आणली. भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात, जळक्या चिंधीवर तो पांढरा ठिपका धरून एक मुलगी बराच वेळ हात न हलवता बसली आणि अखेर चिंधीतून धुराची बारीक रेघ निघाली. ज्वाला मात्र काही केल्या उठली नाही. व्हर्नने ते काम दोन-चार वाक्यांत उरकले आहे, याचा राग मुलांच्या मनात पुस्तक संपेपर्यंत होता.


जालना जिल्हा, शेतकरी

आमचा गट म्हणजे पारावरचे सात जण. माझा पुतण्या महाविद्यालयात शिकतो. तो वाचत असे. पहिल्या भागात तरुण हर्बर्टच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. खलाशी पेनक्रॉफ्टला त्यात काही विशेष वाटत नाही. मग अभियंता हिशेब मांडतो: एका दाण्याला दहा लोंब्या, एका लोंबीत 80 दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला 800 दाणे, ते सगळे पेरले तर दुसऱ्याला 6 लाख 40 हजार, तिसऱ्याला 51 कोटी 20 लाख आणि चौथ्याला 40,960 कोटी.

येथे पुतण्याला थांबवले आणि त्या रात्री पुढे वाचन झालेच नाही. एकटे रोप मोकळ्या जागेत असले की त्याला दहा फुटवे येतात, यात आम्हाला शंका नव्हती; दाट पेऱ्यात ते येत नाहीत. लोंबीत 80 दाणे मात्र कोणी मान्य करेना. एकाने घरून लोंबी आणली, तळहातावर चोळली, फुंकून भूस उडवले आणि कंदिलाच्या उजेडात दाणे मोजले. ते 42 भरले. मग तो म्हणाला की अभियंत्याचा हिशेब निम्म्यावर आणा. पण हा हिशेब निम्म्यावर येत नाही; लोंबीतले दाणे निम्मे धरले तर चौथ्या पिकाला तो सोळाव्या हिश्शावर येतो, हे पुतण्याने कागदावर करून दाखवले. तरीही ती संख्या आमच्या डोक्यावरून जाणारीच होती.

शिवाय त्यांना वर्षाला दोन पिके मिळतात. आमच्याकडे गहू रब्बीलाच, तोही विहिरीला पाणी असेल तर. मला खटकले ते निराळेच. पाखरांपासून राखण कशी करायची, हे पेनक्रॉफ्टला नीट कळते आणि तो बुजगावणी उभी करतो. पण 40,960 कोटी दाणे झाल्यावर त्यांना भाव काय मिळणार, हे कोणीच विचारत नाही. बेटावर बाजार नाही, म्हणूनच ती माणसे इतकी आनंदी आहेत, असे आमच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे म्हणणे पडले आणि त्यावर बराच हशा झाला.


छत्रपती संभाजीनगर, ग्रंथपाल

आमचा गट नेबपाशी अडला आणि ते अडणे सुखाचे नव्हते. नेब हा गुलाम आई-बापांच्या पोटी जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण आहे. स्मिथने त्याला मुक्त केले आहे, पण तो मालकाला सोडून जात नाही. 30 मार्च 1865 रोजी ही मंडळी बेटाला अब्राहम लिंकनचे नाव देतात. त्यानंतर पंधरवड्यातच वॉशिंग्टनमध्ये लिंकनची हत्या होणार आहे, हे त्यांना ठाऊक नसते. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव बेटाला मिळते आणि स्वयंपाकघर मात्र नेबकडेच राहते. पुढे एक ओरांगउटान जातीचा वानर माणसाळवला जातो, त्याचे नाव जप ठेवतात आणि त्याला नेबच्या हाताखाली कामाला लावतात. त्या दोघांच्या सख्याचे वर्णन लेखकाने विनोदाने केले आहे.

आमच्या गटात मिलिंद महाविद्यालयात शिकलेले दोन निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांपैकी एकांनी शांतपणे विचारले, “बेटावर पाचच माणसे आहेत, जुनी व्यवस्था हजारो मैल मागे राहिली आहे, मग चुलीपाशी कोण बसेल हे कोणी ठरवले?” कोणी म्हणाले की लेखक आपल्या काळाच्या मानाने उदार होता, आणि ते खरेही आहे. परंतु त्या संध्याकाळनंतर जपचे विनोद मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येई. एकट्याने वाचले असते तर मी ते विनोद बहुधा हसून सोडून दिले असते.


बीड जिल्हा, शिक्षक

दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला गेले की काही मुले गावातच हंगामी वसतिगृहात राहतात. रात्री जेवणानंतर मी त्यांना ही गोष्ट सांगत आणि थोडी वाचून दाखवत असे. दुसऱ्या भागात शेजारच्या टेबर बेटावर कित्येक वर्षे एकटा राहिलेला आयर्टन सापडतो. तो रानटी झालेला आहे, माणसांची भाषा विसरला आहे. पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्याला बोलायचं कामून आलं नाही?” मी सांगितले की बोलायला कोणी नव्हते, म्हणून. त्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझा फोन मागून कारखान्याच्या तळावर असलेल्या आईला लावला आणि आयर्टनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यानंतर रोज एक मुलगा फोनवर आदल्या रात्रीचा भाग घरच्यांना सांगे. माझ्या वाचनापेक्षा त्यांचे सांगणे सरस होते, हे मान्य करायला हवे. फक्त त्यांच्या सांगण्यात टॉप कुत्रा प्रत्येक संकटात सगळ्यांच्या पुढे असे.


जालना शहर

आमचा गट 19व्या अध्यायाशी थांबला आणि अजून तेथेच आहे. आधी दहावीची परीक्षा आली, मग लग्नसराई. खनिजांची वर्णने जरा कमी असती तर कदाचित तगलो असतो.


नांदेड, वकील

आमच्यातील काही जण फोनवर जुना इंग्रजी अनुवाद वाचत होते, तर दोघांकडे अलीकडचा इंग्रजी अनुवाद होता. पहिल्याच बैठकीत गोंधळ झाला, कारण एका प्रतीत अभियंत्याचे नाव सायरस स्मिथ होते आणि दुसरीत सायरस हार्डिंग. अनुवादकाची लहर म्हणून आम्ही ते सोडून दिले. ते सोडायला नको होते, हे तिसऱ्या भागात कळले.

बेटावरच्या माणसांना अडीनडीला अदृश्यपणे मदत करणारा तो कोण, हे तेथे उलगडते. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. आमच्या एका सदस्याने ते गुपित चहाच्या टपरीवर फोडले, म्हणून त्याला पुढचे तीन आठवडे सर्वांचा चहा पाजावा लागला. तो व्हर्नच्याच ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या आधीच्या कादंबरीतला पाणबुडीचा कप्तान नेमो असतो आणि नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या, राजपुत्र डक्कार. व्हर्नच्या मनात आधी नेमो हा रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेल त्याला तयार झाला नाही. पुढे या कादंबरीत तो हिंदुस्थानी झाला आणि 1857 च्या उठावात लढलेला ठरला.

तो भाग आम्ही दोन्ही प्रतींतून शेजारी शेजारी वाचला. नव्या प्रतीत डक्कार हा उठावाचा प्राण होता. 1875 च्या जुन्या ब्रिटिश अनुवादात मात्र महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी लोकांना चिथावले होते आणि ज्यांच्याविरुद्ध चिथावले, त्या इंग्रजांनी तर देशात शांतता व भरभराट आणली होती. कादंबरी एक, अध्याय एक, आणि अर्थ उलटा. मी व्यवसायाने कागदपत्रे वाचणारा माणूस आहे. तरीही दोन महिने एका प्रतीवर भरवसा ठेवून बसलो होतो. आमच्यात एक आजोबा होते, ज्यांचे शालेय शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून झाले होते. ते म्हणाले, “अनुवाद करणारा कोणाचे मीठ खातो, ते आधी पाहावे, वकीलसाहेब.” तेव्हापासून आमचा गट कोणत्याही अनुवादित पुस्तकाच्या किमान दोन प्रती मिळाल्याशिवाय वाचनाला बसत नाही. त्यामुळे वर्षाला तीनच पुस्तके होतात.


लातूर, गृहिणी

आम्ही 2016 च्या उन्हाळ्यात वाचत होतो. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, हे सर्वांना आठवत असेलच. आमचे वाचन आमच्या इमारतीच्या जिन्यात चाले, कारण टँकर कधी येईल याचा नेम नसे आणि घागरी रांगेत ठेवून जागा सोडता येत नसे. नेमका त्याच दिवसांत तो भाग आला, जेथे अभियंता खडकातल्या त्यांच्या घरात वरच्या तळ्याचे पाणी खेळवतो आणि पुढे त्याच पाण्याच्या जोरावर वर-खाली करणारा पाळणाही चालवतो. वाचणाऱ्या ताई तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांनी पुस्तक मिटले, दोन्ही हातांत घागरी घेतल्या आणि म्हणाल्या, “हा अध्याय पाऊस पडल्यावर वाचू.” आम्ही खरोखरच त्यापुढचा भाग आधी वाचला आणि तो अध्याय जुलैत.


धाराशिव, निवृत्त लेखापाल

मला हिशेब जुळत नसल्याचे नोंदवायचे आहे. आधीच्या कादंबरीत 1867 मध्ये समुद्र पालथा घालणारा धडधाकट नेमो येथे 1868 मध्ये वर्षानुवर्षांच्या एकांतवासाने थकलेला, मरणासन्न म्हातारा म्हणून भेटतो. गटाने मला ‘ऑडिटर’ म्हणून गप्प बसवले. नोंद मात्र राहावी.


औसा तालुका, ग्रामपंचायतीत नोकरी

शेवटच्या अध्यायांत ज्वालामुखी जागा होतो आणि अवघे बेट समुद्रात जाते. आमच्या गटातील चौघे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, या भागात होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले होते. मी त्यांना आधीच सांगितले की पुढे काय आहे ते मला माहीत आहे, नको असेल तर आपण गाळू. एक मावशी म्हणाल्या, “वाच. गोष्टीतली माणसं वाचतात का तेवढं आधी सांग.” मी सांगितले की माणसे वाचतात. मग त्यांनी डोळे मिटून ऐकले.

खरे थांबणे त्यानंतर झाले. सुटका झालेली ती माणसे अमेरिकेत आयोवा राज्यात जमीन घेतात, तेथे वसाहत करतात आणि तेथल्या नदीला, डोंगराला, तळ्याला, रानाला बुडालेल्या बेटावरचीच नावे देतात. लेखकाने हे अगदी थोडक्यात सांगून पुस्तक संपवले आहे. आमच्याकडे पुनर्वसित गावे काही अंतरावर नव्याने वसली आणि नावे जुनीच राहिली. जुन्या गावाला ‘जुने’ आणि नव्याला ‘नवे’ म्हणायचे, एवढाच फरक. मावशींनी विचारले, “त्यांच्या जुन्या जागेवर जाता येत होतं का?” मी म्हणालो, समुद्रात फक्त एक खडक उरला होता. “आमची जागा बघायला तरी मिळते,” असे म्हणून त्या उठल्या. नव्या गावाला राहायला आल्यावरही त्या जुन्या घराच्या चौथऱ्यावर बरीच वर्षे तुळशीला पाणी घालायला जात असत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.


हिंगोली, बियाण्यांचे दुकान

आम्ही सध्या 41व्या अध्यायावर आहोत. मृग लागला आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि गटातले सगळे पेरणीत आहेत. नांदेडच्या वकीलसाहेबांचा परिच्छेद सांगितल्याप्रमाणे गाळला आहे. पुस्तक गल्ल्याच्या खणात आहे. पेरण्या आटोपल्या की उरलेला अनुभव लिहितो.