कॉलेज न बघितलेला जॉन मेजर ब्रिटनचा पंतप्रधान कसा झाला?

कृष्णाकाठ: मंडळी, विश्रामबागच्या अभ्यासिकेत काल वाद झाला. थॅचरबाईंच्या जागी आलेले मेजर कॉलेजची पायरी पण चढले नव्हते म्हणे. हुजूर पक्षात सगळी ऑक्सफर्डवाली बड्या घरची पोरं, मग ह्या बाबाला वर घेतलं कुणी?

मिरज_जंक्शन: खरंय. बाप सर्कस-तमाशावाला, म्हातारपणी बागेत ठेवायचे बुटके पुतळे करायचा धंदा काढला तो बसला, मग सगळं बिऱ्हाड लंडनच्या ब्रिक्स्टन भागात भाड्याच्या खोल्यांत. पोरानं 16 व्या वर्षी शाळा सोडली, बसकंडक्टर व्हायला गेला तर तिथंपण घेतलं नाही. पुढं बँकेत चिकटला, पोस्टानं अभ्यास करून परीक्षा दिल्या. 1968 ला लंडनमधल्याच लॅम्बेथचा नगरसेवक झाला, घरांची कमिटी सांभाळली, 1974 ला एकाच वर्षात दोनदा खासदारकीला पडला आणि 1979 ला लागला. वॉर्डातनंच आलाय गडी.

हळदबाजार: वर थॅचरबाईंनीच घेतलं की. 1989 ला परराष्ट्र खातं दिलं आणि तीनेक महिन्यांत अर्थ. 1992 ला हरणार असंच सगळे म्हणत होते, हा लाकडी खोक्यावर उभा राहून चौकाचौकात बोलत सुटला आणि पक्षाला 1 कोटी 40 लाखांवर मतं पडली, तिकडं एवढी अजून कुठल्याच पक्षाला पडली नाहीत. बहुमत मात्र 21 चंच! आणि सप्टेंबरात पौंड घसरला, एका दिवसात व्याजदर 10 वरनं 12, मग 15 करतो म्हणाले आणि संध्याकाळी गाशा गुंडाळून युरोपातल्या चलनांचे दर एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या विनिमय व्यवस्थेतनं बाहेर. नंतर अर्थव्यवस्था सुधारली, पण लोकांनी माफ केलं नाही.

अजिंक्यतारा: सांगलीत बसून हे विचारताय व्हय? वसंतदादा सातवी शिकलेले, मुख्यमंत्री झाले आणि 1983 ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी त्यांच्याच सरकारनं दिली.

कृष्णाकाठ: दादांचं वेगळं ओ, त्यांच्या पाठीमागं साखर कारखाना होता, जिल्हा होता.

मिरज_जंक्शन: बरोबर पकडलंत. मेजरचा स्वतःचा गट असा नव्हताच, म्हणून युरोपवरनं त्याचेच खासदार रोज उठून छळायचे. 1995 ला वैतागून पक्षाच्या नेतेपदाचा राजीनामा दिला, हिंमत असेल तर या समोर म्हणाला आणि परत निवडून आला. 1997 ला 165 जागांवर आपटला, राजीनामा दिला आणि सरळ ओव्हलला क्रिकेट बघायला गेला. आपला आमदार पडल्यावर असा मॅचला गेला तर कार्यकर्ते स्टेडियमातच गाठतील.