मार्केटप्लेसवर अडकलेले पैसे लवकर कसे सोडवायचे? (काजू बीची खरेदी तोंडावर)

रातांबा

वेंगुर्ला तालुक्यातून दोन ऑनलाइन मार्केटप्लेसवर आगळ (कोकमाचा घट्ट रस), आमसुलं, काजूगर आणि मालवणी मसाला विकतो. महिन्याची विक्री साधारण दोन लाख. जीएसटी नोंदणी आहे, खातं चालू प्रकारातलं.

अडचण अशी: डिलिव्हरीनंतर सात दिवस रक्कम राखून ठेवतात आणि मग आठवड्यातून एकदाच बँकेत सोडतात. ऑर्डर आल्यापासून पैसे हातात येईपर्यंत अडीच-तीन आठवडे सहज जातात. मार्चपासून काजू बी घ्यायची, एप्रिल-मेमध्ये पाऊस पडायच्या आत रातांबे (कोकमाची फळं). दोन्ही रोखीने. "पोर्टलवर पैसे दिसताहेत, पुढच्या आठवड्यात देतो" हे बागायतदाराला सांगून चालत नाही.

एका अ‍ॅपकडून प्रस्ताव आहे: येणे रकमेच्या ८० टक्के त्याच दिवशी, शुल्क "फक्त २ टक्के". साधारण बारा दिवस आधी पैसे मिळतील. घ्यावं का? की दुसरा काही मार्ग आहे?

कुडाळ_एमआयडीसी

पैसे खंय अडाकले ता आधी बघा, मग अ‍ॅपचं.

दोन्ही मार्केटप्लेसच्या विक्रेता पॅनेलमधून गेल्या तीन महिन्यांचा सेटलमेंट रिपोर्ट (बँकेत सोडलेल्या रकमांचा) आणि ऑर्डर रिपोर्ट उतरवून घ्या. ऑर्डर क्रमांकावरून दोन्ही एका शीटमध्ये जोडा आणि चार तारखा शेजारी शेजारी ठेवा: ऑर्डर, कुरिअरच्या ताब्यात गेलेला दिवस, डिलिव्हरी, बँकेत जमा. मधली तीन अंतरं काढा. सरासरीवर थांबू नका, सगळ्यात वाईट वीस ऑर्डरी वेगळ्या काढून त्यांचे पिनकोड बघा.

राखून ठेवायचे सात दिवस तुमच्या हातात नाहीत. त्याआधीचे आहेत, कारण तुमचं घड्याळ डिलिव्हरीच्या दिवशी सुरू होतं. गावात पिकअप एक दिवसाआड असेल तर दोन दिवस तिथेच गेले. शनिवारी दुपारी आलेली ऑर्डर मंगळवारी उचलली जाते, शुक्रवारी-शनिवारी पोचते, सात दिवस धरून पुढचा शनिवार उजाडतो. तोवर त्या आठवड्याचा हिशेब बंद झालेला असेल तर रक्कम पुढच्या फेरीत. म्हणजे सुरुवातीला एक दिवस हुकला की शेवटी आठवडा हुकतो. हे लक्षात आलं की पिकअपची वाट न बघता बॉक्स स्वतः नेऊन कुरिअरच्या हबवर टाकणं परवडतं का, त्याचा हिशेब करता येतो. पॅनेलमध्ये पिकअपऐवजी "ड्रॉप" हा पर्याय आहे का बघा. सगळ्या पिनकोडना तो मिळत नाही.

तयारीचा वेळही तपासा. बऱ्याच जणांनी लिस्टिंग करताना तीन दिवस टाकलेले असतात आणि ते तसेच राहतात. मसाला आणि आमसुलं आधीच भरून, लेबल लावून तयार असतील तर तो एक दिवसावर आणा. काजूगराचा मात्र आणू नका. पाकिटं आयत्या वेळी भरत असाल तर उशीर होईल आणि उशिराचा दंड वरून बसेल.

कॅश ऑन डिलिव्हरी: पैसे सोडण्याचं वेळापत्रक तेच असतं, पण माल न घेता परत पाठवण्याचं प्रमाण यातच जास्त. परत आलेल्या बॉक्सला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस पैसेही नाहीत आणि मालही नाही. ज्या राज्यांतून सतत परत येतं तिथली विक्री बंद करायची सोय असेल तर वापरा.

हिशेबवही

अ‍ॅपच्या दोन टक्क्यांचं गणित मांडतो. दोन टक्के कशावर, हे आधी विचारा. बहुतेक वेळा शुल्क पूर्ण येणे रकमेवर असतं आणि हातात मात्र ८० टक्केच पडतात.

येणे १,००,०००. हातात ८०,०००. शुल्क २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६०. म्हणजे ८० हजार बारा दिवस वापरायला २,३६० रुपये. हे झाले २.९५ टक्के, बारा दिवसांचे. वर्षाचं करायचं तर गुणिले ३६५ भागिले १२. जवळजवळ ९० टक्के. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला परत मिळेल असं धरून तो काढून टाकला तरी ७६ टक्के.

तेच ८० हजार बारा दिवस ११ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटमधून (बँकेने धंद्यासाठी मंजूर केलेली उचल-मर्यादा) उचलले तर व्याज २८९ रुपये. मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तशी उचल) असेल, ठेवीचा दर ७ आणि त्यावर बँकेचा १ टक्का धरला, तर २१० रुपये. घरात ठेवीची पावती पडून असेल तर सगळ्यात आधी तिथे जा. मोडू नका, त्यावर मर्यादा मंजूर करून घ्या. आपल्याच बँकेची ठेव असेल तर कागद फारसे लागत नाहीत, आणि वापराल तेवढ्यावरच व्याज.

म्हणून अ‍ॅप कायम वाईट असं नाही. मोक्याच्या वेळी काजू बी किलोमागे आठ-दहा रुपये स्वस्त मिळत असेल आणि दुसरी सोयच नसेल, तर एकदा वापरायला हरकत नाही. दर आठवड्याला वापरायची सवय लागली की नफा त्यातच जातो, कारण पुढच्या सेटलमेंटमधून आधीची उचल कापली जाते आणि हातात कमी आलं म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागते.

घ्यायचंच ठरलं तर "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. डिजिटल कर्ज देणाऱ्याने ते देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. "हे कर्ज नाही, अ‍ॅडव्हान्स आहे" असं म्हणून कोणी ते टाळत असेल तर करारात नीट बघा, पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (कर्ज देणारी बिगर-बँक वित्तसंस्था) कोण आहे. कुणाचंच नाव सापडलं नाही तर सोडून द्या.

आणखी दोन गोष्टी करारात हटकून असतात. एक, मार्केटप्लेसमधलं तुमचं बँक खातं बदलून त्यांच्या एस्क्रो खात्याचा (पैसे आधी तिथे जमा होऊन उचल कापून पुढे सोडणारं खातं) नंबर टाकायला लावतात. मग तुमची सगळीच विक्री आधी त्यांच्याकडे जाते, उचल छोटी असली तरी. बाहेर पडताना ना-देय पत्र (काही देणं उरलं नाही याचं पत्र) मिळेपर्यंत खातं परत बदलता येत नाही, तेव्हा ते किती दिवसांत देतात हे आधी लिहून घ्या. दोन, पॅनेलचा पासवर्ड मागतात. द्यायचा नाही. वेगळा युजर तयार करून फक्त रिपोर्ट बघण्याची परवानगी द्या.

टीआरईडीएस (मोठ्या कंपन्यांवरची बिलं देऊन आधी पैसे मिळवण्याची ऑनलाइन सोय) कुणी सुचवेल, म्हणून आताच सांगतो: ते इथे लागू नाही. तिथे मोठ्या कंपनीने तुमचं बिल मान्य करावं लागतं. मार्केटप्लेसवर तुमचा गिऱ्हाईक घरात बसलेला माणूस आहे, मार्केटप्लेस नव्हे. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याच्या नियमाचंही तेच. एखादी कंपनी तुमच्याकडून माल स्वतःच्या नावावर विकत घेऊन पुढे विकत असेल तरच या दोन गोष्टींचा विचार करा.

देवगड४१६६१३

वर सगळं बरोबर. भर इतकीच की माल आधीच मार्केटप्लेसच्या भिवंडीतल्या गोदामात ठेवला तर मुंबई-पुण्याची डिलिव्हरी एक-दोन दिवसांत होते आणि घड्याळ तेवढं लवकर सुरू होतं. पावसात तर फरक जास्तच. घाटात दरड आली की इथून निघालेला बॉक्स कोल्हापूरच्या अलीकडे बसून राहतो. गोदामातल्या मालाला त्याचं काही नाही.

करायचं काय: जीएसटी नोंदणीत त्या गोदामाचा पत्ता "व्यवसायाची अतिरिक्त जागा" म्हणून जोडायचा. मार्केटप्लेस त्यासाठी संमतीपत्र देतं, ते अपलोड करायचं. मंजुरीला पंधरा दिवस धरून चाला. खाद्यपदार्थ असल्यामुळे त्या पत्त्याचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवानाही मागतात. प्रत्येक नगावर मुदत संपण्याची तारीख छापलेली हवी, हाताने लिहिलेली चालत नाही. सोलकढीसारखं टिकत नाही ते पाठवूच नका.

हिशेबवही

@देवगड४१६६१३ गोदामाबद्दल थोडा मतभेद. दिवस वाचतात, पण माल तिथे अडकतो, तोही पैसाच.

मसाल्याची २०० ग्रॅमची पाकिटं आठवड्याला ४० जातात असं धरा. गोदामामुळे पैसे चार दिवस लवकर आले, तर कायमचे सुटतात ते साधारण २३ पाकिटांचे पैसे. पाकिटामागे १४० हातात येत असतील तर ३,२२०. आता तीन आठवड्यांचा साठा, १२० पाकिटं, ८५ रुपये उत्पादन खर्चाने पाठवली, तर १०,२०० रुपये भिवंडीत पडून. घरीही थोडा साठा असतोच, तो वजा करा. तरी तीन आठवड्यांचा माल पाठवणं तोट्याचं. दहा-बारा दिवसांचा पाठवा, आणि फक्त तोच जो दर आठवड्याला नक्की जातो. काजूगर तर नकोच, खर्च जास्त आणि साठून राहिला की खवट.

देवगड४१६६१३

मान्य. दहा दिवसांचा साठा ठेवायचा तर गाडीभाडं नगामागे वाढतं, तेवढं धरा. चार-पाच विक्रेत्यांनी मिळून एक टेम्पो केला तर जमतं, पण गोदामात माल उतरवायची प्रत्येकाची अपॉइंटमेंट वेगळी घ्यावी लागते आणि एकाची चुकली की टेम्पो गेटवर उभा.

रातांबा

सगळ्यांचे आभार. ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टचं उद्याच बँकेत विचारतो. दोन शंका: (१) सेटलमेंटमधून टीसीएस (जीएसटीपोटी आधीच कापलेली रक्कम) आणि टीडीएस (आयकरापोटीची) कापतात, ते पैसे परत मिळवता येतात का? (२) आमचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं, आता ती महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. मार्केटप्लेसमध्ये काही बदलावं लागेल का?

हिशेबवही

(१) मिळतात, पण टीसीएस आपोआप येत नाही. जीएसटीचा टीसीएस जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, त्याआधी एक होता. आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. लाखाच्या विक्रीवर ५०० अधिक १००. रक्कम छोटी, पण टीसीएस बरेच जण वर्षभर उचलतच नाहीत.

मार्केटप्लेस आपलं विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरतं. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर सर्व्हिसेस, रिटर्न्स, मग "टीडीएस अँड टीसीएस क्रेडिट रिसीव्ड" उघडा. ओळी तपासा, स्वीकारा आणि ओटीपीने फाइल करा. फाइल न करता नुसतं स्वीकारून थांबलात तर काहीच होत नाही, इथेच सगळे चुकतात. फाइल झालं की रक्कम इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये दिसते. तिच्यातून त्या महिन्याचा जीएसटी भरता येतो, किंवा जास्त साठली तर परतावा मागता येतो. महिन्याचं ३-बी (जीएसटी भरण्याचं विवरण) भरण्याआधी हे केलंत तर तेवढी रोख खिशातून जात नाही.

टीडीएस २६-एएसमध्ये (आयकराचा कापलेल्या कराचा उतारा) दिसतो, तो आयकर विवरण भरतानाच मिळतो. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर विक्री असेल, त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापलाच जात नाही. तुमची विक्री दोन ठिकाणी विभागलेली आहे, तेव्हा एखादं त्यात बसतं का बघा.

कमिशन आणि शिपिंगवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही विसरू नका. मार्केटप्लेसची बिलं २-बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरचा खरेदी-क्रेडिटचा तक्ता) दिसतात. महिन्याला २५ हजार कमिशन-शिपिंग असेल तर ते ४,५०० रुपये. सुटणाऱ्या रकमेत ही टीसीएसपेक्षा कितीतरी मोठी.

(२) ते विलीनीकरण १ मे २०२५ पासूनचं. चेकबुक किंवा शाखेतून आताचा आयएफएससी आणि खातं क्रमांक घ्या आणि पॅनेलमधल्याशी ताडून बघा. जुना कोड टाकलेला असेल तर पैसे आज येत असले तरी बदलून घ्या. एखाद्या आठवड्यात ट्रान्सफर परत फिरली की ती रक्कम थेट पुढच्या फेरीत जाते.

कुडाळ_एमआयडीसी

खातं बदलताना दिवस बघून बदला. बँक तपशील बदलला की बहुतेक ठिकाणी सुरक्षेसाठी काही दिवस पैसे थांबवतात. पैसे जमा झाले की त्याच दिवशी बदल करा, म्हणजे तो थांबा पुढच्या फेरीच्या आत संपतो. सेटलमेंटच्या आदल्या दिवशी केलात तर पूर्ण आठवडा गेला. खात्यावरचं नाव जीएसटीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळू दे. "ट्रेडर्स" आणि "ट्रेडिंग" एवढ्यावरून पडताळणी नापास होते.

आणि आगळाच्या बाटल्यांचं. गळून परत आलेल्या बाटलीचे पैसे पुढच्या सेटलमेंटमधून कापले जातात. असं वारंवार झालं तर खात्यावर वेगळी राखीव रक्कम धरतात, मग सात दिवसांचा हिशेब कोलमडतो. झाकणाखालचं फॉइल सील न धरण्याचं कारण बहुतेक वेळा मशीन नसतं, बाटलीची ओली कड असते. भरताना आगळाचा ओघळ कडेवर राहतो आणि सील तिथे चिकटतच नाही. प्रत्येक बाटलीची कड कोरड्या फडक्याने पुसा, वर बोटभर जागा रिकामी ठेवा, सील करून झाकण घट्ट लावा आणि प्रत्येक घाण्यातल्या (एका वेळी भरलेल्या) पाच-सहा बाटल्या वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवा. सकाळी कागदावर लाल डाग दिसला तर तो घाणा पाठवू नका.

रातांबा

आता मोजलं. पिकअपच दोन दिवस खातोय, आणि मसाल्याच्या लिस्टिंगवर तयारीचे तीन दिवस तसेच होते. एकावर आणले. टीसीएसच्या पानावर आठ महिन्यांच्या ओळी न उचललेल्या निघाल्या.

हिशेबवही

जुने महिने आधी उचला, एकेक महिना उघडावा लागेल. आणि ओव्हरड्राफ्टसाठी बँकेत जाताना ठेवीची मूळ पावती न्या. पावतीवर दोन नावं असतील तर दोघांच्याही सह्या लागतात.