नवऱ्याला (सर्जन) सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या बोर्डावर बोलावलंय, जावं का?

वाटाणेभात
नमस्कार मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे. आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मध्यम शहरात राहतो, नवरा जनरल सर्जन, बावीस वर्षं एकाच गावात, त्यामुळे निम्म्या गावाची पित्ताशयं यानेच काढलीयेत असं आम्ही घरात म्हणतो. समाजकार्याची खाज पहिल्यापासून आहे, फूड बँकेच्या कमिटीवर होता, लायब्ररीच्या निवडणुकीत दारोदार पत्रकं वाटत फिरला. आता एका जुन्या पेशंटने जेवायला नेऊन विचारलं की आमच्या सिम्फनीच्या बोर्डावर येतोस का.

अडचण अशी की साहेबांना वेस्टर्नमधलं ओ की ठो कळत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये भीमसेनजी लावतात, नर्सेसना आता 'माझे माहेर पंढरी' पाठ आहे. मागच्या वर्षी कॉन्सर्टला गेलो तर रचनेचा पहिला भाग संपल्यावर (टाळ्या सगळी रचना संपल्यावरच वाजवायच्या असतात म्हणे) भर हॉलमध्ये हा एकटाच टाळ्या वाजवत होता आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. तर प्रश्न हा की यांना याची अक्कल हवीय की चेकबुक? आणि बोर्डावर बसून माणूस नक्की करतो काय? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

दुसरी_रांग
मी हौशी व्हायोलिनवाली, कम्युनिटी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला मागे बसते, आणि चार वर्षं आमच्याच बोर्डावर होते. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, दोन्ही हवंय, पण चेकबुक आधी. तिकडे 'गिव्ह ऑर गेट' म्हणतात, म्हणजे दरवर्षी एवढी रक्कम स्वतः द्या नाहीतर कोणाकडून तरी आणा. आकडा आधीच विचारून घ्या, लाजू नका, त्यांना सवय असते. यात वाईट काही नाही हो, तिकिटांतून खर्चाचा निम्मा भागही निघत नाही, साठ-सत्तर माणसं स्टेजवर बसतात आणि बीथोव्हेनची सिम्फनी वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं लागत तितकीच आजही लागतात, तिथे मशीन आणून माणसं कमी करता येत नाहीत.

पण बोर्ड म्हणजे नुसता देणगीदारांचा क्लब नव्हे, कायद्याने जबाबदारी त्यांचीच असते. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात २०१२ च्या ऑक्टोबरपासून वादकांना पगाराच्या वादावरून सव्वा वर्ष बाहेर ठेवलं होतं, मधेच त्यांचा कंडक्टर राजीनामा देऊन गेला (नंतर परत आला). फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, एवढी नावाजलेली, तिने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातून नंतर सावरली. सॅन अँटोनिओची सिम्फनी संपानंतर २०२२ मध्ये बोर्डाने बंदच करून टाकली, तिथल्या वादकांनी मग स्वतःची नवी ऑर्केस्ट्रा काढली. या सगळ्या ठिकाणी टेबलाभोवती बसलेली माणसं शहरातली भलीच माणसं होती.

म्हणून हो म्हणायच्या आधी त्यांचा फॉर्म ९९० बघा, म्हणजे अशा संस्था दरवर्षी टॅक्सवाल्यांकडे भरतात तो जमाखर्चाचा फॉर्म, तो कोणालाही बघता येतो. ऑडिट झालेले हिशेब मागा. ठेवीतून दरवर्षी किती उचलतात आणि वादकांचं काँट्रॅक्ट कधी संपतंय हे दोन प्रश्न विचारा. टाळ्यांचं काय घेऊन बसलात, पूर्वीच्या काळी लोक मधेच टाळ्या वाजवायचे आणि तो भाग परत वाजवायला लावायचे, आपल्या वन्समोअरसारखं. तुमचे मिस्टर फक्त शंभर वर्षं उशिरा पोचले.

मिरजेचा_सर्जन
वहिनी, मी रिटायर्ड सर्जन, गाव मिरज, म्हणजे एका गल्लीत दवाखाने आणि सतारमेकर गल्लीत तंबोरे, त्यामुळे डॉक्टरला गाण्यातलं काय कळतं हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. तुमच्या मिस्टरांना एक नाव सांगा, ते हसतील, बिलरॉथ. जठर कापून आतडं जोडायचं ते बिलरॉथ वन आणि बिलरॉथ टू आम्ही सगळ्यांनी व्हायव्हाला घोकलंय. २९ जानेवारी १८८१ ला व्हिएन्नात या माणसाने कॅन्सरचं जठर कापून पेशंट जिवंत ठेवला, बाई पुढे चारेक महिन्यांनी त्याच आजाराने गेल्या, पण ऑपरेशन होऊ शकतं हे जगाला कळलं.

हाच बिलरॉथ ब्राह्म्स या मोठ्या संगीतकाराचा जिवलग. लहानपणी त्याला संगीतकारच व्हायचं होतं, आईने आणि घरच्यांनी डॉक्टरकीकडे वळवलं. झुरिचला प्रोफेसर असताना १८६५ मध्ये दोघांची ओळख झाली, दोन वर्षांनी हा व्हिएन्नाला गेला आणि मग याच्या घरी ब्राह्म्सच्या नव्या रचना बाहेर वाजायच्या आधी मित्रांपुढे वाजायच्या. बिलरॉथ स्वतः पियानो आणि व्हायोला वाजवायचा. ब्राह्म्सने १८७३ मध्ये आपली पहिली छापलेली दोन स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) त्यालाच अर्पण केली. आणि १८८१ मध्ये 'थोडे छोटे पियानोचे तुकडे पाठवतोय' असं लिहून पाठवलं काय, तर दुसरा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची रचना, पाऊण तासाची!

सार्वजनिक कामातही मागे नव्हता. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी इस्पितळांत काम केलं, जखमींची शुश्रूषा करायला शिकलेली माणसं नाहीत हे बघितलं, म्हणून १८८२ मध्ये व्हिएन्नात नर्सिंग शिकवणारं रुडॉल्फिनरहाउस उभं केलं. डॉक्टरांच्या सोसायटीची इमारत १८९३ ला झाली तेव्हा अध्यक्ष तोच, तिला आजही बिलरॉथहाउस म्हणतात. मला त्याचं सगळ्यात आवडणारं काम वेगळंच आहे, झुरिचच्या आपल्या सगळ्या केसेसचे निकाल, मेलेल्यांसकट, छापून टाकले. बोर्डावर हाच गुण कामाला येतो बघा. सर्जनला मेलेला पेशंट मीटिंगमध्ये मांडायची सवय असते, ज्याला तोटा मांडायला लाज वाटते असा खजिनदार त्याच्यापुढे फार टिकत नाही.

दादरचा_श्रोता
@मिरजेचा_सर्जन काका, आरती फार मोठी झाली 😀 बिलरॉथने १८७६ च्या पुस्तकात ज्यू विद्यार्थ्यांबद्दल जे लिहिलं त्यावरून विद्यापीठात दंगा झाला होता, तेही सांगा. नंतर त्याचं मत बदललं आणि ज्यूद्वेषाविरुद्धच्या संघटनेत तो गेला हे खरं, पण लिहिलं ते लिहिलंच. आणि त्याने ऑर्केस्ट्रा कुठे चालवली? घरी मैफली केल्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ पासून वादक स्वतःच चालवतात, त्यांना डॉक्टरांच्या बोर्डाची गरज पडली नाही.

उलटं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली, आणि त्यांचा मुलगा झुबिन (पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर झाला तो) डॉक्टर व्हायचा म्हणून झेवियर्सला गेला तो मेडिकल सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला पोचला. म्हणजे सिम्फनीला सर्वात मोठी मदत कोणी केली तर ज्याने डॉक्टरकी सोडली त्याने 😀

वहिनी, एक सीरियस मुद्दा. आमंत्रण पेशंटकडून आलंय. उद्या 'गेट' वाला आकडा भरायला मिस्टरांनी पेशंटांकडे देणगी मागायची वेळ येईल. ज्याचं पोट उद्या फाडायचंय तो नाही कसा म्हणेल? हे आधीच लिहून घ्या की पेशंटकडे मागणार नाही.

मिरजेचा_सर्जन
मान्य, दोन्ही मुद्दे. शेवटी बिलरॉथचं ब्राह्म्सशीही जरा फाटलंच होतं. ब्राह्म्सने दिलेल्या क्वार्टेटच्या हस्तलिखितातला तुकडा कापून बिलरॉथने त्याच्या फोटोखाली चिकटवला, ब्राह्म्सला ते जाम लागलं. सर्जनच्या हातात कात्री, दुसरं काय.

वाटाणेभात
सगळ्यांचे आभार, कात्रीचा किस्सा वाचून नवरा जेवताना ठसका लागेपर्यंत हसला. अपडेट देते. फॉर्म ९९० काढला, तीन वर्षांचे. एका वर्षी बरीच तूट आहे आणि पुढच्या वर्षी ती एकाच देणगीने भरलीय, त्याने पेनाने गोल करून ठेवलंय. पेशंटकडे पैसे मागणार नाही हे ईमेलने कळवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. वादकांचं काँट्रॅक्ट विचारलं तर समोरून 'गुड क्वेश्चन' आलं, उत्तर अजून यायचंय.

मंगळवारी त्यांनी तालमीला बोलावलं होतं. आम्ही रिकाम्या हॉलमध्ये बसलो, ओबोवाल्या बाईने एक सूर धरला आणि सगळे त्यावर आपापलं वाद्य लावायला लागले, तर हा माझ्या कानात म्हणतो, अगं हे तंबोरे लावतायत. मग एका जागी कंडक्टरने तेच चार-पाच बार (ठेक्याचे छोटे तुकडे) अकरा वेळा वाजवून घेतले, मी मोजले. मला कंटाळा आला, हा मात्र पुढे सरकून बसला होता. सही अजून केलेली नाही, काँट्रॅक्टचं उत्तर आल्यावर बघू म्हणतोय.