सोसायटीत काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे नेमका कोणता परवाना मागावा?

प्रश्न: मानद सचिव, गृहनिर्माण संस्था, नेरूळ

सर्वांना नमस्कार. आमच्या संस्थेच्या इमारती जुन्या आहेत. त्या बांधल्या गेल्या तेव्हा प्रत्येक घरात पंखे, ट्यूब, टीव्ही आणि फ्रिज एवढाच भार गृहीत धरलेला होता. आज त्याच वायरिंगवर दोन-दोन एसी, गिझर आणि इंडक्शन शेगडी चालते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मीटर खोलीत एका सदनिकेच्या केबलचे टोक जळाले. महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी येऊन पाहिले आणि मीटरपर्यंतचा पुरवठा ठीक असल्याचे, पुढचे वायरिंग ग्राहकाच्या जबाबदारीचे असल्याचे सांगितले. ते वायरिंग उघडले तेव्हा असे दिसले की एसीचा नवा पॉइंट जुन्याच वायरीला जोडलेला होता, आणि एमसीबी (जादा प्रवाह आल्यावर आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठ्या क्षमतेचा बसवलेला होता. हे काम कोणी केले, याची नोंद कोणाकडेही नव्हती.

त्यानंतर कार्यकारिणीने असा ठराव आणायचे ठरवले की सदनिकांमधील विजेचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. परंतु चौकशी सुरू केल्यावर आमचाच गोंधळ उडाला. एकाने आयटीआयचे प्रमाणपत्र दाखवले, दुसऱ्याने कौशल्य विकास योजनेतील अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाचे फोटोसह प्रमाणपत्र दाखवले, तर तिसऱ्याने ठेकेदाराच्या लेटरहेडवरचे पत्र आणले. तिघांचेही म्हणणे एकच, की आपण अधिकृत आहोत. दुसरीकडे, इमारतीत राहायला आल्यापासून ज्यांच्या हातून आमची बहुतेक कामे झाली त्या गृहस्थांकडे कोणताही कागद नाही, मात्र भिंतीतला कोणता पाइप कुठे वळतो हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना दाराबाहेर उभे करायला सभासद तयार नाहीत आणि मलाही ते रुचत नाही. कायदा नेमके काय सांगतो, यांपैकी कोणता कागद ग्राह्य धरावा आणि त्या कागदामागे प्रशिक्षण किती असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: विद्युत ठेकेदार, नौपाडा, ठाणे

सचिव महोदय, कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण तुमचा ठराव सोसायटीच्या इच्छेवर उभा न राहता कायद्यावर उभा राहिला पाहिजे. ग्राहकाच्या जागेतील विजेच्या मांडणीत भर घालणे, फेरफार करणे किंवा दुरुस्ती करणे ही कामे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराच्या हातूनच झाली पाहिजेत, असा नियम आहे. हा नियम काल-परवाचा नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतील 45 व्या नियमात तो होता, 2010 च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत तो आला आणि त्यांची जागा घेणाऱ्या 2023 च्या विनियमांतही कायम राहिला. याचा अर्थ सोसायटीने नवे बंधन घालण्याचा प्रश्नच नाही. सदनिकाधारकावर ते आधीपासूनच आहे.

यातून एक सवलत मात्र आहे आणि ती सभासदांना नीट समजावून सांगावी, नाहीतर ठरावाला उगाच विरोध होईल. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे, म्हणजे ज्याने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही असे काम, या बंधनाबाहेर आहे. पंख्याचा रेग्युलेटर बदलायला कोणी परवाना मागू नये. एसीसाठी नवा पॉइंट काढणे, गिझरची जागा बदलणे, इन्व्हर्टर जोडणे, पार्किंगमध्ये गाडीच्या चार्जरसाठी केबल नेणे ही कामे मात्र या सवलतीत बसत नाहीत. तुमच्याकडे बदललेला एमसीबीही बसत नाही. अनेकांची समजूत असते की एमसीबी उपकरणाच्या रक्षणासाठी असतो. तो मुख्यतः भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असतो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला की वायर तापत राहते आणि एमसीबी शांत बसतो. पडणारा एमसीबी काहीतरी सांगत असतो. त्याला गप्प करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आता कागदांविषयी. तुम्ही तीन गोष्टी तपासा: ठेकेदाराचा परवाना, त्याच्याकडील पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना. तिन्ही राज्य शासनाच्या व्यवस्थेतून मिळतात आणि तिन्हींची मुदत पाहावी लागते. लेटरहेडवरचे पत्र यांपैकी काहीच नाही, त्यावरचा परवाना क्रमांक उतरवून घ्या आणि मूळ परवाना पाहायला मागा. शंका राहिली तर ठाण्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारणा करता येते.

आमच्याच व्यवसायातली एक गोष्ट इथे स्पष्टपणे लिहिली पाहिजे. नवी जोडणी घेताना किंवा भार वाढवताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. हा रिपोर्ट म्हणजे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावून इन्सुलेशन मोजले, अर्थिंग तपासले आणि मांडणी सुरक्षित आढळली, अशी सही-शिक्क्याची हमी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जागेवर पाऊलही न ठेवता ही सही दिली जाते, आणि ग्राहक तिच्याकडे फाइलला जोडायचा एक कागद म्हणून पाहतो. परवाना पद्धतीला सर्वात मोठी गळती इथे आहे. प्रामाणिकपणे मोजमाप करणाऱ्या ठेकेदाराचा दर जास्त दिसतो आणि काम न पाहता सही करणाऱ्याचा कमी. म्हणून माझा आग्रह असा की परवाना पाहून थांबू नका. काम संपल्यावर मोजणी तुमच्यासमोर करायला सांगा. 500 व्होल्ट डी.सी. मेगरने फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रोध एक मिनिट मोजायचा असतो आणि तो किमान 1 मेगोहम यायला हवा. सुस्थितीतल्या नव्या वायरिंगवर तो याच्या कितीतरी पट येतो. हा आकडा कागदावर लिहून त्याखाली सही घ्या. ज्याच्याकडे मेगरच नाही, त्याला काम देऊ नका, मग परवाना कितीही खरा असो.

उत्तर 2: निदेशक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ठाणे जिल्हा

ठेकेदार महोदयांनी कायदा सांगितला आहे, मी प्रशिक्षणाविषयी लिहितो. आयटीआयमध्ये या कामाशी थेट संबंधित दोन व्यवसाय आहेत, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री. दोन्हींची मुदत 2 वर्षे. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. त्यात वायरिंगबरोबर मोटारी, वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल पॅनेल असा मोठा विस्तार असतो. तारतंत्रीचा भर नावाप्रमाणे वायरिंगवर. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते, आणि त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत शिकाऊ म्हणून काम करता येते. या परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठी अर्ज करण्याची ती पात्रता आहे. तुम्हाला दाखवलेले आयटीआयचे प्रमाणपत्र खरे असेलच, पण त्या उमेदवाराने पुढे परवाना घेतला आहे का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागेल.

अल्प मुदतीच्या कौशल्य प्रमाणपत्राबद्दल मला कोणाचा अवमान करायचा नाही. त्या योजनांतून हातातल्या कौशल्याला नाव मिळते, नोकरीच्या दारात उभे राहता येते आणि सुरक्षेचे चार धडे कानावर पडतात. पण काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि 2 वर्षांचे प्रशिक्षण ग्राहकाने एकाच पंक्तीत बसवू नये.

आमच्या बाजूची उणीवही सांगतो. विद्यार्थी कार्यशाळेत लाकडी बोर्डवर नवे वायरिंग करतो, तेही वीजपुरवठा बंद असताना. वीस-तीस वर्षे जुनी इमारत, पाइपात अडकलेली वायर, कुठल्याशा सदनिकेतून भलत्याच ठिकाणी निघालेला न्यूट्रल, हे त्याला वर्गात दिसत नाही. ते शिकाऊ उमेदवारीत शिकायला मिळावे अशी अपेक्षा असते, पण कारखान्यात गेलेला मुलगा घरगुती वायरिंगला हातही लावत नाही. त्यामुळे तुमच्या सभासदांचा अनुभव, की परवानाधारकापेक्षा आपला माणूस दोष लवकर शोधतो, खोटा नाही. दोष शोधणे आणि सुरक्षित मांडणी करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, एवढेच त्यांनी ध्यानात घ्यावे. वायरीचा छेद भारावरून ठरवणे, आयएस 732 या वायरिंगच्या भारतीय मानक संहितेप्रमाणे मांडणी करणे, आयएस 3043 प्रमाणे अर्थिंग करणे ही शिस्त अनुभवाने आपोआप येत नाही, ती शिकावी लागते.

तुमच्या जुन्या कारागिरासाठी एक वाट सुचवतो. अनुभवी कारागिरांना खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय आहे. पात्रतेच्या अटी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये विचाराव्यात. वयाचा संकोच बाळगू नये, आमच्याकडे मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा दिलेले लोक आहेत.

उत्तर 3: तारतंत्री, ऐरोली

मी परवानाधारक आहे आणि रोज घरोघरी काम करतो, म्हणून एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगतो. नियमाप्रमाणे घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरवर पडणारे गळतीरोधक उपकरण असायला हवे, म्हणजे आपण ज्याला आरसीसीबी म्हणतो ते. ज्या घरांत ते बसवलेले असते, त्यांपैकी बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आल्यावर ते वारंवार पडू लागते, कारण जोडणाऱ्याने इन्व्हर्टरचा आणि मुख्य पुरवठ्याचा न्यूट्रल एकत्र केलेला असतो. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह जुळत नाही, म्हणून उपकरण आपले काम करते. न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस जातो. आरसीसीबी बायपास करायला दहा मिनिटे लागतात. घरमालक काय करायला सांगतात, हे वेगळे लिहायला नको. मी नकार दिला की दुसरा येतो आणि करून जातो. डबीत आरसीसीबी दिसत राहतो, पण त्यातून वीज जातच नाही.

सचिव साहेब, प्रत्येक सदनिकेत आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबून पाहायला सांगा. घरातली वीज गेली नाही, तर ते बिघडलेले आहे किंवा बायपास केलेले आहे. वीज गेली, तरी घराचे अर्थिंग ठीक आहे असे मात्र समजू नका, कारण ते बटण अर्थच्या तारेवर चालत नाही. अर्थिंग वेगळे मोजावे लागते.

आणि जिन्यालगतचा विजेचा डक्ट उघडून पाहा. 15 मीटरपेक्षा उंच इमारतींत वीजकेबलींच्या डक्टमधून दुसऱ्या कोणत्याही सेवेच्या वाहिन्या नेऊ नयेत आणि प्रत्येक मजल्यावर आगरोधक अडथळा असावा, असा विनियम आहे. इंटरनेट आणि केबल टीव्हीवाल्यांनी त्यातून गुंडाळ्याच्या गुंडाळ्या सोडलेल्या असतात आणि त्यासाठी तो अडथळा फोडलेला असतो.

तुमच्या माणसाबद्दल माझे मत असे, की त्यांना एखाद्या परवानाधारक ठेकेदाराशी जोडून द्या. पाइप कुठे वळतो हे ते सांगतील, वायर ओढायला मदत करतील. जोडणी आणि मोजणी परवानाधारक करील आणि सही करील. मीही अशाच एका ज्येष्ठ कारागिराच्या हाताखाली तयार झालो आहे. त्यांना आयत्या वेळी परके केले, तर तुमच्या इमारतीची माहिती त्यांच्याबरोबर जाईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. ठरावाचा मसुदा बदलला आहे. सवलतीत बसणाऱ्या किरकोळ कामांना परवानगीची गरज नाही. नवा पॉइंट, भारवाढ, इन्व्हर्टर आणि चार्जर यांसाठी तिन्ही परवान्यांच्या प्रती कार्यालयात द्याव्या लागतील, आणि काम झाल्यावर इन्सुलेशन व अर्थिंगची मोजणी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर करून आकडे नोंदवहीत लिहिले जातील. आमच्या कारागिरांशी मी स्वतः बोललो. आयटीआयमध्ये चौकशीला यायला ते तयार आहेत, फक्त लेखी परीक्षा मराठीत देता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. आणखी एक शंका: सामाईक जागेतील वायरिंगची तपासणी आम्ही स्वतःहून किती वर्षांनी करावी?

उत्तर 4: विद्युत ठेकेदार, नौपाडा, ठाणे

विनियमांत नियतकालिक तपासणीसाठी जास्तीत जास्त 5 वर्षांचे अंतर सांगितले आहे, पण खाडीकाठच्या दमट हवेत ते आपल्याला फार आहे. मीटर खोली, पंपाचे पॅनेल आणि अर्थिंगचे खड्डे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहून घ्या. अग्निसुरक्षेचा नमुना ब, म्हणजे इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, तुम्ही दर जानेवारी आणि जुलैमध्ये देतच असाल. जुलैच्या त्या तपासणीआधी हे काम उरकले तर दोन्ही नोंदी एकाच फाइलमध्ये राहतील. परीक्षेच्या भाषेबद्दल निदेशक महोदयांनी लिहावे.

उत्तर 5: निदेशक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ठाणे जिल्हा

भाषेचे आणि पात्रतेचे दोन्ही प्रश्न त्यांच्याशी समोरासमोर बोलूनच सोडवू. त्यांना कामाच्या दिवशी सकाळी घेऊन या. येताना शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि इतक्या वर्षांच्या कामाबद्दल संस्थेच्या लेटरहेडवर अनुभवाचे पत्र आणावे. त्या पत्रात कामाचा कालावधी आणि स्वरूप स्पष्ट लिहा, नुसते 'चांगले काम करतात' असे लिहून भागत नाही.