जुन्या लाकडी ट्रॉलरला दुसरं आयुष्य द्यावं का?

हर्णैकर:
कोकणातलं कुठलंही मासेमारी बंदर बघा: मिरकरवाडा घ्या, हर्णै घ्या, साखरीनाटे घ्या. नवीन येते ती बहुतेक फायबरची नौका. जुना लाकडी ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी मासेमारी नौका, खाडीच्या चिखलात कलतो. आधी मशीन निघतं, मग पंखा, मग फळ्या सरपणाला जातात. त्या उंच नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बाक पिढ्यान्‌पिढ्या सुतारांच्या नजरेने घडलेला आहे. तो असा चुलीत जाताना मला बघवत नाही.

मासेमारी नौकांच्याच धाटणीवर परदेशात सावकाश फिरायच्या नौकांचा एक प्रकार उभा राहिला. रॉबर्ट बीबी या अमेरिकन नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्याने सिंगापूरला ५० फुटी 'पॅसेजमेकर' बांधून घेतली आणि १९६३ साली ती ग्रीसपर्यंत नेली. पुढे नॉर्डहॅवन बनावटीच्या ४० फुटी नौकेने २००१-०२ मध्ये डिझेलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. वेग म्हणाल तर ताशी जेमतेम ११-१२ किलोमीटर, पण एका टाकीत समुद्र पार.

आपल्या ट्रॉलरलाही गोल पोट आहे, मोठा खण आहे, एकच दमदार इंजिन आहे. बर्फाच्या खणात चार बिछाने टाका आणि मोऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत खाडी-खाडी करत जा. माझं मत ठाम आहे: हे व्हायला हवं.

सुताराचा नातू:
हर्णैकर, नाळेबद्दल बोललात ते शब्दन्‌शब्द मान्य. पण बेत धोक्याचा आहे.

आपला ट्रॉलर रिकामा चालण्यासाठी बांधलेलाच नाही. बर्फ, डिझेल, पाणी आणि परतताना मासळी, हे टनांनी वजन पोटात गेलं की तो पाण्यात नीट बसतो. ते काढून बिछाने टाकलेत की नौका वर उचलली जाते. त्यावर पर्यटकांसाठी दोन मजली केबिन चढवणार, म्हणजे वजनाचा मध्य आणखी वर. वारा लागायला भिंतही उंच. दुपारच्या वाऱ्यात जयगडच्या बाहेर आडव्या लाटेवर तिची काय गत होईल? नॉर्डहॅवन वरून इमारतीसारखी दिसते, पण तिच्या तळात मुद्दाम वजन भरलेलं असतं.

मला स्वतःला नॉर्डहॅवन आवडतही नाही. एवढ्याशा लांबीवर एवढी उंची! त्यापेक्षा स्टीव्ह डॅशू या नौका-रचनाकाराची 'विंड हॉर्स' पाहा: ८३ फूट लांब, अरुंद, बिनरंगाचं अ‍ॅल्युमिनियम. लोक तिला युद्धनौका म्हणून नावं ठेवतात. पण तिची प्रत्येक रेषा समुद्राचा विचार करून काढलेली आहे आणि उलटली तरी परत सरळ व्हावी असा तिचा हिशेब आहे. सौंदर्य मी त्याला म्हणतो.

आणि लाकूड. बर्फाच्या खणामागच्या फळ्या वर्षानुवर्षं मासळीच्या पाण्यात भिजलेल्या असतात. बाहेरून रंग चकाकतो आणि आत लोखंडी खिळा गंजून लाकूड खातो.

हर्णैकर:
तळात वजन आपल्यालाही भरता येईल. दोन मजले कोणी मागितले? केबिन आहे तेवढीच ठेवा. डुलणं कमी करायला पॅराव्हेन आहेत: दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरायचे आणि त्यांच्या टोकांवरून धातूचे 'मासे' पाण्यात ओढत न्यायचे. ही युक्तीसुद्धा हौशी लोकांनी मच्छीमारांकडूनच घेतली.

सुताराचा नातू:
पॅराव्हेन डुलणं कमी करतात, उलटण्यापासून वाचवत नाहीत. या दोन गोष्टी कृपया एक करू नका, माणसं जातात त्यात.

देवबागचो:
शोभा कसली बघतास? तळ खरडून नेलो ह्या ट्रॉलरांनी. आमच्या रापणीक मासो गावना नाय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं सरळ मराठीत लिहितो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढायचं जाळं. पिल्लं, अंडी, खेकडे, सगळं ट्रॉलमध्ये येतं. तांडेल-खलाशांवर माझा राग नाही, पोट त्यांनाही आहे. पण स्मारक करायचंच तर आमच्या उलांडीच्या होडीचं करा. एका अंगाला तरंगतं लाकूड, दोन आडव्या दांड्यांनी बांधलेलं. होडी त्या बाजूला कलली की पाणी ते लाकूड वर ढकलतं, दुसऱ्या बाजूला कलली की त्याचं वजन तिला खाली धरतं. इंजिन नाही, डिझेल नाही, आणि किनाऱ्यावर चार माणसं उचलून घेतात. जगातल्या कुठल्याही विचित्र, देखण्या नौकेशेजारी ती ठेवा.

खाडीपलीकडे:
एक मुद्दा राहिला. खाडी-खाडी करत जायचं म्हणता, पण कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत ५ मीटरपर्यंत फरक पडतो, मालवणकडे त्याच्या निम्माही नाही. म्हणजे दक्षिणेकडे भरतीची मदत कमी आणि तुमची नौका खोल. अंजर्ल्यात शिरायला भरतीची वाट बघत बाहेर नांगरून बसाल. त्यापेक्षा मचव्याच्या, म्हणजे जुन्या शिडाच्या होडीच्या, धाटणीची, कमी पाण्यात चालणारी नवी नौका बांधा. सुतार आहेत तोवर त्यांना काम मिळेल.

शिवाय मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. मेरीटाइम बोर्डाची वेगळी नोंदणी आणि तपासणी लागेल.

हर्णैकर:
नवा मचवा नक्की बांधा, मी येईन बघायला. पण त्याने चिखलातला ट्रॉलर वाचत नाही. माझा आग्रह एकाच नौकेपुरता आहे. चांगल्या लाकडाची एक निवडावी, तळात वजन भरावं आणि बंदरातल्या शांत पाण्यात तिची कलण्याची चाचणी घ्यावी: ठरावीक वजन एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवायचं आणि नौका किती अंश कलते ते लंबकाने मोजायचं. आकडा वाईट आला तर मी स्वतः म्हणेन, किनाऱ्यावर ठेवा आणि मुलांना दाखवा.

सुताराचा नातू:
चाचणीला हरकत नाही. पण त्याआधी तिचा साचा कागदावर उतरवून घ्या. नौका बुडाली किंवा सडली तरी मापं उरतील. आमच्याकडे ती फक्त डोक्यात असतात.

देवबागचो:
आणि तिचा ट्रॉलिंगचा परवाना आधी परत करा. जुना ट्रॉलर पर्यटनाला आणि त्याच परवान्यावर नवा फायबरचा, मोठ्या मशीनचा ट्रॉलर समुद्रात, असं झालं तर आमचा विरोध कायम.